हान काळातला म्हणून विकलेला काशाचा आरसा

जुन्या चिनी वस्तूंची आवड असलेल्या, हाँगकाँग-सिंगापूरकडे राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. हाँगकाँगला नोकरीला असताना एका दुकानदाराने मला हान काळातला, म्हणजे चीनच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजघराण्याच्या काळातला, म्हणून एक काशाचा आरसा विकला. किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. आरसा अलीकडे ओतलेला निघाला.

त्याने आधी किंमत सांगितलीच नाही. आरसा पालथा केला आणि बोटाने एकेक जागा दाखवत गेला. मधला उंचवटा दोरी ओवायचा, तोच जगाचा मध्य. भोवतीचा चौकोन म्हणजे पृथ्वी, बाहेरचं वर्तुळ म्हणजे आकाश. दोन्हींच्या मध्ये इंग्रजी टी, एल आणि व्ही या अक्षरांसारख्या खुणा. लिऊबो या जुन्या खेळाच्या पटावरही त्याच असतात. पूर्वेला निळा-हिरवा ड्रॅगन, दक्षिणेला शेंदरी पक्षी, पश्चिमेला पांढरा वाघ, उत्तरेला कासव-सापाची जोडी. मध्येच हान गादी बळकावलेल्या वांग मांगच्या राजवटीत, इ.स. 9 ते 23 मध्ये, हा नमुना विशेष चालला. कडेचा लेखही त्याने वाचून दाखवला: वर अमर माणसं आहेत, त्यांना म्हातारपण माहीत नाही, तहान लागली की ती रत्नझऱ्याचं पाणी पितात, भूक लागली की बोरं खातात.

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणूनच ही फसवणूक इतकी वाईट. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी हातात मावेल एवढ्या धातूवर अख्खं विश्व बसवलं, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे, आणि हा माणूस तीच खरी गोष्ट सांगून नकली माल खपवत होता. अर्थ ऐकताना धातूकडे कोण बघतं?

वर 'थर्मोल्युमिनेसन्स' या वय ठरवणाऱ्या चाचणीचं शिक्कामोर्तब केलेलं प्रमाणपत्र. जुन्या धातूंच्या जतनाचं काम करणाऱ्या एका परिचित बाईंना मी ते दाखवलं, तेव्हा आरसा पिशवीतून बाहेर काढायच्या आधीच त्या म्हणाल्या, "अहो, ही चाचणी भाजलेल्या मातीची असते." पोकळ भांड्याच्या पायात ओतकामाची माती कधीकधी अडकून राहते, तिची चाचणी करता येते. आरसा म्हणजे सपाट भरीव चकती. त्यात माती येणार कुठून?

मग त्यांनी नक्षी पाहिली. चौकोनाच्या आत बारा चिन्हं असतात. चिनी लोक त्यांनी वर्षं, प्रहर आणि दिशा मोजत. 'माओ' हे पूर्वेचं चिन्ह, त्याच्यासमोर ड्रॅगन हवा. इथे वाघ होता, आणि ड्रॅगन पश्चिमेच्या 'यो'समोर. नक्षी उतरवणाऱ्याला ती वाचता येत नव्हती. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, असं बाईंनी बजावलं, कारण हान काळातल्या कारागिरांच्या हातूनही लेखातली अक्षरं चुकत, गळत.

निकाल धातूने दिला. कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून हिरव्या गंजावर फिरवला तर बोळा हिरवा झाला आणि खाली पिवळसर चकचकीत पत्रा दिसला. खरा गंज धातूतूनच वाढलेला असतो, हिरव्याखाली बहुधा लालसर थर सापडतो, आणि तो असा पुसला जात नाही. हान आरशांच्या काशात साधारण 22 ते 25 टक्के कथील असतं, त्यामुळे आतला धातू रुपेरी पांढरा आणि ठिसूळ, आपल्या काशाच्या वाटीसारखा पडला की तडकणारा. माझ्या आरशाची कड खरवडून क्ष-किरणांच्या यंत्राखाली धरली, तर कथील नावापुरतं आणि जस्त भरपूर. म्हणजे चक्क पितळ.

दुकानदाराने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. बोट ठेवलं ते पावतीवर. तिथे चिनीत लिहिलं होतं, 'जुन्या शैलीतला शोभेचा आरसा'. 'हान' हा शब्द फक्त त्याच्या तोंडी होता. हाँगकाँगमध्ये मालाच्या खोट्या वर्णनाविरुद्ध कस्टम्सकडे तक्रार करता येते, पण त्या पावतीने माझी बाजू लंगडी केली.

तेव्हा पैसे देण्याआधी पावतीवर काळ लिहून घ्या: 'हान, इ.स.पू. 206 ते इ.स. 220'. धातूची चाचणी विपरीत आली तर पैसे परत, हेही त्याच पावतीवर हवं. आणि आरसा चीनच्या मुख्य भूमीवर विकत मिळत असेल, तर 1911 पूर्वीच्या वस्तू देशाबाहेर न्यायला तिथे सर्वसाधारण बंदी आहे. "कागदपत्रं लागत नाहीत, बिनधास्त घेऊन जा" असं कोणी म्हणालं, तर एक तर वस्तू नकली आहे किंवा तुम्ही कायद्यात अडकणार आहात.