रोज खिशात ठेवायची छोटी टॉर्च: सील्ड, पोर्टवाली की सेल बदलता येणारी?

मोबाइलमध्ये टॉर्च असताना वेगळी कशाला, हा वाद इथे नको. ज्याने एकदा मोबाइल दातात धरून सिंकखालची गळती शोधलीय त्याला पटवून द्यायची गरज नाही. तर असं धरून चालतो की बोटाएवढी टॉर्च घ्यायचं तुमचं ठरलंय, लुमेन (उजेडाचं माप), आयपीएक्स८ (पाण्यात टिकण्याचा दर्जा), क्लिप वगैरे बघून झालंय आणि आता घोडं अडलंय ते सेलवर. बहुतेक जण आधी लुमेन बघून टॉर्च घेतात आणि मग तिच्या सेलशी जुळवून घेत बसतात, माझ्या मते हे उलटं करावं. ३०० चे ६०० लुमेन झाले तरी डोळ्याला दुप्पट वाटत नाहीत, शेजारी शेजारी लावून बघितलं तरच थोडा फरक कळतो. सेलचा त्रास मात्र रोज कळतो.

पहिला प्रकार सील्ड, म्हणजे आतच बसवलेली बॅटरी आणि यूएसबीने चार्जिंग. रोवीवॉन ऑरोरा, ओलाइट आय१आर ही मंडळी. चाव्यांच्या जुडग्यात अडकवायची असेल तर खरं सांगतो याला तोड नाही, वजन जाणवतच नाही आणि म्हणून ती कायम बरोबर असते, जे मोठ्या टॉर्चबद्दल कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण ही टॉर्च खिशात आपोआप चालू राहून संपली (आणि छोट्या इलेक्ट्रॉनिक बटणवाल्यांचं हे होतंच) की मग ती टॉर्च नाही, नुसतं कीचेन. चार्जर मिळून ती भरेपर्यंत काही करता येत नाही, आणि नेमकी वीज गेली म्हणून टॉर्च काढली असेल तर झालंच. शिवाय लिथियम-आयन सेल वयाने उतरतो, वापरा नाहीतर ठेवून द्या. आतला सेल उतरला की बाहेरचं ॲल्युमिनियम कितीही टणटणीत असो, वस्तू फेकायची. मला हे पटत नाही, पण ज्याला दर काही वर्षांनी नवीन घ्यायला आवडतं त्याला हा मुद्दाच नाही.

दुसऱ्या टोकाला स्ट्रीमलाइटची प्रोटॅक १एल-१एए. हिची कल्पना कागदावर फार छान, एकाच टॉर्चमध्ये सीआर१२३ए (आखूड, जाड लिथियम सेल) पण चालतो आणि साधा पेन्सिल सेल, म्हणजे डबल ए, पण चालतो. सीआर१२३ए टाकला तर ३५० लुमेन, डबल ए टाकला तर १५०. सीआर१२३ए दहा वर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिला तरी चालतो, त्यामुळे गाडीत किंवा आपत्कालीन पिशवीत ठेवायला ही उत्तम, तिथे मी हिलाच मत देईन. पण रोजच्या खिशासाठी? सीआर१२३ए १७ मिलिमीटर जाड आणि साधारण साडेचौतीस लांब, डबल ए साडेचौदा जाड आणि साडेपन्नास लांब. दोन्ही बसवायचे तर नळी एकाच्या जाडीची आणि दुसऱ्याच्या लांबीची करावी लागते, म्हणजे दोघांमधलं जे जे नको ते एकत्र. आणि सीआर१२३ए परत चार्ज होत नाही, संपला की कचऱ्यात. रोज वापरणाऱ्याला हे परवडत नाही, पैशाने पण आणि मनाने पण.

मग उरतात त्या डबल ए आणि १४५०० दोन्ही खाणाऱ्या टॉर्च, आणि खरी निवड माझ्या मते इथेच आहे. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. १४५०० म्हणजे पेन्सिल सेलच्याच मापाचा लिथियम-आयन, १४ मिलिमीटर जाड, ५० लांब, पण व्होल्टेज ३.७, पूर्ण भरलेला ४.२. साधा रिचार्जेबल डबल ए १.२ व्होल्टचा. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणून डबल ए वर टॉर्चमधल्या ड्रायव्हरला (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटला) व्होल्टेज चढवून द्यावं लागतं, आणि एलईडीला ३ वॅट द्यायचे तर बिचाऱ्या १.२ व्होल्टच्या सेलमधून अडीच-तीन अँपियर ओढावे लागतात. म्हणून डबल ए वर टॉप मोड कमी मिळतो. पण एकूण साठा बघितला तर चित्र वेगळं आहे. चांगल्या रिचार्जेबल (निकेल मेटल हायड्राइड) डबल ए मध्ये सव्वादोन ते अडीच वॅट-तास, १४५०० मध्ये तीन-साडेतीन. फरक आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. मध्यम उजेडावर जिना उतरायला, कुलूप शोधायला, कपाटामागे पडलेला स्क्रू बघायला मला तरी दोन्हीत फरक जाणवत नाही, तो जाणवतो फक्त फुल उजेड मारून चार लोकांना दाखवताना.

एक सावधगिरी, दिसायला तशीच म्हणून प्रत्येक टॉर्च दोन्ही खात नाही. वुर्कोस टीएस१० फक्त १४५०० घेते, डबल ए तिला चालत नाही. टॉर्च सुंदर आहे, मोह होतो, पण आपला विषय लवचिकपणाचा आहे म्हणून ती बाहेर.

आता या गटातही दोन पंथ आहेत. एकात चार्जिंग टॉर्चमध्येच असतं, दुसऱ्यात टॉर्चला भोकच नसतं, सेल काढायचा आणि चार्जरमध्ये टाकायचा. कागदावर पहिला पंथ जिंकतो, उघडच आहे, चार्जर वेगळा नको, केबल तर सगळीकडे असते. मी सुद्धा आधी पोर्टवालीच वापरली (कंपनीचं नाव राहू दे, अशा टॉर्च बऱ्याच जणांच्या आहेत) आणि टॉर्च म्हणून तिच्यात काही खोट नव्हती. उजेड चांगला, बटण चांगलं. खोट होती ती पोर्टवरच्या रबराच्या झाकणात.

हे झाकण म्हणजे नखाएवढा रबराचा तुकडा, एका शेपटीने टॉर्चला धरलेला. नवीन असताना इतका घट्ट की नखाने निघत नाही. मग तो हळूहळू सैल होतो, आणि सैल झाला की खिशात हात घालताना उचकटतो. उचकटला की आत खिशातला कापूस जातो. पोर्टच्या तळाशी तो असा दाबून बसतो की केबल आत जाते पण पूर्ण बसत नाही, चार्जिंगचा लाल दिवा लागतो आणि जरा धक्का लागला की विझतो, आणि आपण सकाळी बघतो तर सेल होता तिथेच. टाचणीने कोरून काढा, परत बसवा, शेपटी थोडी फाटलेली, झाकण आता एका बाजूने वर उचललेलं, ते अंगठ्याने दाबायचं, ते परत वर येतं. वॉटरप्रूफ वगैरे जे काही होतं ते त्या फाटक्या शेपटीवर अवलंबून. यात भर म्हणजे माझी टॉर्च टाइप सी ते टाइप सी केबलवर चार्जच व्हायची नाही, फक्त जुन्या चपट्या यूएसबीकडून टाइप सी वाली केबल लावली तरच. याचं कारण साधं आहे, पोर्टमागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, ते असले तरच समोरचा सी चार्जर वीज सोडतो, आणि बऱ्याच स्वस्त वस्तूंमध्ये ते वाचवलेले असतात. म्हणजे ज्या सोयीसाठी पोर्ट घेतला, की कुठलीही केबल चालेल, तीच सोय नाही.

आणि मुख्य म्हणजे चार्ज होत असताना टॉर्च हातात नसते. रात्री चार्जिंगला लावली आणि काहीतरी खुडबुड ऐकू आली की केबल ओढून टॉर्च उचलायची. बिनपोर्टवालीत भरलेला दुसरा सेल टाकायला तेवढाच वेळ लागतो आणि टॉर्च पूर्ण भरलेली असते.

पोर्टवाल्यांवर अन्याय नको म्हणून सांगतो, स्किलहंट एम१५० ने हा प्रश्न बराच सोडवलाय. तिला भोक नाही, चुंबकाने चिकटणारी केबल आहे, त्यामुळे कापूस नाही आणि झाकण नाही. तुम्हाला टॉर्चमध्येच चार्जिंग हवं असेल तर मी बिनदिक्कत हिच्याकडे बोट दाखवीन. फक्त ती केबल हरवली तर शेजाऱ्याकडे मागता येत नाही, आणि ती १४५०० च चार्ज करते, रिचार्जेबल डबल ए साठी चार्जर लागतोच. म्हणजे लवचिकपणा हवा असणाऱ्याच्या घरी तसाही चार्जर येणारच, मग टॉर्चमध्ये चार्जिंग हवंच कशाला, असा माझा आपला विचार.

बिनपोर्टवाल्यांत सोफर्न एसपी१० प्रो आहे, डबल ए आणि १४५०० दोन्ही. तिच्यातलं अँड्युरिल सॉफ्टवेअर (बटणाच्या क्लिकवर मोड बदलणारं) कोणाला स्वर्ग वाटतं कोणाला शिक्षा, मी मधे कुठेतरी. चार क्लिक केले की लॉक होते एवढं पाठ केलं तरी खिशासाठी पुरे. दुसरी एसबीम पोकलिट एए, तिचा १४५०० गंमतशीर आहे, सेलच्याच अंगावर टाइप सी पोर्ट आहे. म्हणजे चार्जर विसरलात तरी चालतं, आणि पोर्ट खराब झाला तर सेल जातो, टॉर्च नाही. बटण मागे, त्यामुळे अंधारात चाचपडावं लागत नाही. मला हा मधला मार्ग सगळ्यात शहाणा वाटतो आणि सध्या खिशात अशीच आहे, पण बाजूला बटण आवडणारे आणि दोन-चार मोडमध्ये समाधान न होणारे लोक एसपी१० प्रो घेऊन जास्त खूश राहतील हे मान्य.

रोज मी तिच्यात टाकतो मात्र रिचार्जेबल डबल ए. एनलूपसारखे कमी सेल्फ-डिस्चार्जवाले (पडून राहिल्यावर हळू उतरणारे) सेल, जे २००५ पासून मिळतायत, ते महिनोन् महिने पडून राहिले तरी भरलेले असतात, चार्जर बहुतेक घरात आधीच असतो, आणि संपलेच तर रिमोटमधला नाहीतर भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून टॉर्च चालू करता येते. १४५०० संपला तर हे शक्य नाही. शिवाय लिथियम-आयन संपताना संरक्षण सर्किट एकदम तोडतं, काही टॉर्च आधी मंद होऊन किंवा लुकलुकून सूचना देतात, काही देत नाहीत. १४५०० मी लांब बाहेर जायचं असेल आणि जास्त उजेड लागणार असेल तेव्हा भरतो, आणि राखीव म्हणून डबल ए ठेवतो.

अल्कलाइन मात्र टॉर्चमध्ये ठेवून देऊ नका. अडीअडचणीला घाला, काम झालं की काढा. अल्कलाइनमधलं जस्त आतल्या आत झिजून हायड्रोजन तयार होतो, दाब वाढला की सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, हवा लागून त्याची पांढरी पूड बनते, आणि ते ॲल्युमिनियमला खातं. सेल नळीत असा जाम होतो की आटे फिरतात पण सेल हलत नाही. व्हिनेगरने कधी सुटतो कधी नाही. वर्षानुवर्षं हात न लावता ठेवायचं असेल तर १.५ व्होल्टचा न-चार्ज होणारा लिथियम डबल ए घ्या, तो महाग पडतो, पण गळण्याची भीती फारच कमी, थंडीत उणे ४० अंशापर्यंत चालतो आणि वजनाने अल्कलाइनपेक्षा हलका असल्यामुळे खिशात फरक कळतो.

काहींना १८६५० (१४५०० पेक्षा मोठा लिथियम-आयन सेल) वाली घ्यावी असं वाटेल, त्यात साडेतीन हजार एमएएचपर्यंत साठा मिळतो, १४५०० च्या जवळजवळ चौपट. बरोबर आहे, पण ती खिशात ठेवून बसताना मांडीला टोचते, आणि टोचली की ती पिशवीत जाते, आणि पिशवी असते दुसऱ्या खोलीत. पिशवीवाल्यांनी जरूर घ्यावी.

घरात १४५०० आणलेत तर एक काम आधी करा. हा सेल पेन्सिल सेलसारखाच दिसतो आणि रिमोटमध्ये, घड्याळात, लहान मुलांच्या खेळण्यात व्यवस्थित बसतो. दोन सेलच्या रिमोटला ३ च्या जागी ७.४ ते ८.४ व्होल्ट मिळाले की रिमोट गेला. मी माझ्या सेलना लाल टेपचा पट्टा लावलाय आणि ते वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतो, विमानात नेताना पण ती डबी हातातल्या बॅगेत, कारण सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात चालत नाहीत. आणि टॉर्च घरातल्या अशा कोणासाठी घेताय की ज्यांना व्होल्टेज वगैरेची भानगड नको, तर त्यांना १४५०० देऊच नका. तीच टॉर्च, आत दोन रिचार्जेबल डबल ए पैकी एक, दुसरा चार्जरमध्ये, एवढंच द्या. उजेड थोडा कमी पडतोय अशी तक्रार माझ्याकडे तरी अजून कोणी केलेली नाही.