मेटाची ए/बी टेस्ट: चार खोल्यांच्या धंद्याला झेपते का?

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरगुती निवास चालवणारे आणि पेटीने आंबा विकणारे बरेच जण जाहिरात एकाच पद्धतीने करतात. फेसबुकवर फोटो टाकायचा, खाली ‘बूस्ट’ दाबायचं आणि व्हॉट्सअ‍ॅप वाजायची वाट बघायची. गिऱ्हाईक नेमकं कुठल्या फोटोने आलं, हे शेवटपर्यंत कळत नाही. अ‍ॅड्स मॅनेजर या मेटाच्या (फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी) जाहिरात लावायच्या साधनातली ए/बी टेस्ट, म्हणजे दोन जाहिराती एकाच वेळी चालवून केलेली तुलना, त्यासाठीच आहे. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. खर्च फक्त जाहिरातीचा आणि वर १८ टक्के जीएसटी. साधन चांगलं आहे, पण ते ज्याला विजेता ठरवतं त्याच्यावर डोळे मिटून पैसे लावू नयेत.

आधी जमेची बाजू. एकाच अ‍ॅड सेटमध्ये (एकच बजेट आणि एकच प्रेक्षकवर्ग असलेल्या जाहिरातींच्या गटात) दोन फोटो टाकले की यंत्रणा सुरुवातीच्या थोड्या प्रतिसादावरच एकाला झुकतं माप देते आणि दुसऱ्याला धड संधीच मिळत नाही. या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरा असं करावं, तर मध्येच जोडून सुट्टी येते आणि हिशेब बिघडतो. ए/बी टेस्ट माणसांचेच दोन गट पाडते. एका माणसाला एकच जाहिरात दिसते आणि दोन्ही एकाच काळात चालतात. पंधरा ऑगस्टची गर्दी असो की वादळाची बातमी, परिणाम दोन्हींवर सारखाच होतो.

खरी अडचण मोजण्यात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आणणाऱ्या जाहिरातीत मेटा ‘सुरू झालेली संभाषणं’ मोजतं. आगाऊ रक्कम कोणी भरली, हे त्याला आपोआप कळत नाही. मावळतीचा समुद्र दाखवून दर लपवला की ‘रेट काय?’ विचारणारे पुष्कळ येतात आणि उत्तर वाचून गप्प होतात. पडवी, खोली आणि जेवणासह दर दाखवणाऱ्या जाहिरातीला चॅट कमी येतील, पण आलेल्यांनी दर आधीच पचवलेला असतो. अशा वेळी मेटा पहिलीला विजयी ठरवेल आणि पैसे दुसरीने आणलेले असतील.

यावर उपाय स्वस्त आहे. जाहिरात लावताना गिऱ्हाइकाच्या नावे आधीच लिहून ठेवायचा संदेश दोन्हींना वेगळा द्या: एकीला ‘खोलीची चौकशी’, दुसरीला ‘खोली व जेवणाची चौकशी’. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये चॅटला लावायला चार लेबलं पुरतात (अ म्हणजे पहिली जाहिरात, ब म्हणजे दुसरी): अ-चौकशी, ब-चौकशी, अ-अ‍ॅडव्हान्स, ब-अ‍ॅडव्हान्स. चॅट आलं की लगेच लेबल लावा. रात्री एकदम लावू म्हणाल तर अर्धी राहतात. दोन्हींना पहिलं उत्तर एकाच ‘क्विक रिप्लाय’मधून, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरातून, जाऊ द्या. एकीला वहिनींनी दहा मिनिटांत उत्तर दिलं आणि दुसरीला दादांनी बंदरावरून परत आल्यावर, तर चाचणी जाहिरातीची राहत नाही, दादा-वहिनींची होते.

किती चॅट लागतील? अ जाहिरातीतून आलेल्या शंभरांपैकी १० जण अ‍ॅडव्हान्स भरतात आणि ब मधून २०, एवढा फरक बऱ्यापैकी खात्रीने दिसायला दोन्हींकडे सुमारे २०० चॅट हवीत. फरक १० आणि १३ इतकाच असेल, तर दोन्हींकडे सुमारे १,८०० लागतात. चार खोल्यांच्या निवासाला तेवढी चॅट पुरी व्हायला हंगामामागून हंगाम जातील. म्हणून बटणाचा रंग, ‘या’ की ‘नक्की या’, असल्या चाचण्या मोठ्या कंपन्यांना लखलाभ. इथे दर दाखवणं की न दाखवणं, समुद्र की ताट, एवढ्या ढोबळ गोष्टीच तपासाव्यात. एका चॅटला ४० रुपये पडतात असं धरलं, तर ४०० चॅटना १६,००० रुपये आणि वर कर. ही रक्कम जड वाटत असेल, तर चाचणी अर्धवट करण्यापेक्षा न केलेली बरी.

वेळेचंही गणित आहे. यंत्रणेला जम बसायला प्रत्येक अ‍ॅड सेटमागे आठवड्याला साधारण ५० निकाल लागतात. म्हणजे २०० चॅटना चार आठवडे. टेस्ट जास्तीत जास्त ३० दिवस चालते, त्यात हे बसतं. मध्ये बजेट बरंच बदललं किंवा मजकूर बदललात तर यंत्रणेचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून. दोन गोष्टी सुरुवातीलाच बंद करा. ‘विजेता सापडताच टेस्ट थांबवा’ ही खूण, कारण तो विजेता चॅटचा असतो. आणि ‘अ‍ॅडव्हान्टेज प्लस’च्या आपोआप होणाऱ्या सुधारणा, नाहीतर तुमच्या फोटोत मेटा स्वतःच फेरफार करतं आणि आपण काय तपासलं तेच कळत नाही. रोज आकडे बघून ‘झालं, ब जिंकली’ म्हणणं हा तर हमखास फसण्याचा मार्ग. पहिल्या आठवड्यातली आघाडी पुष्कळदा नुसता योगायोग असते.

आंबेवाल्यांनी गिऱ्हाइकाची भीती ओळखून चाचणी लावावी. पुण्या-मुंबईच्या माणसाला पन्नास रुपये वाचवण्यापेक्षा फसवलं जाण्याची धास्ती जास्त असते: हापूस म्हणून कर्नाटकी गळ्यात पडेल, कार्बाइडने पिकवलेला निघेल, पेटीच्या तळाला डागी फळं असतील. म्हणून ‘पेटीमागे ५० रुपये सूट’ विरुद्ध ‘डागी निघालेल्या फळाचे पैसे परत’ ही तपासण्याजोगी जोडी आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातलाच माल असल्याची अधिकृत ओळख, मिळालं. नोंदणीकृत बागायतदाराने तो उल्लेख एका जाहिरातीत ठेवून आणि दुसरीतून काढून बघावा.

जुनी गिऱ्हाइकं असतील तर मेटाला एक पैसाही न देता चाचणी होते. मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा सम असेल त्यांची व्हॉट्सअ‍ॅपवर एक ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय), विषम असेल त्यांची दुसरी, आणि दोघांना वेगळा मजकूर. एका यादीत २५६ जण मावतात. फक्त ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचत नाही, त्यामुळे पेटीवरच ‘नंबर सेव्ह करा’ छापलेलं बरं.

टंचाई दाखवणं चालतं, ती खरी असेल तर. ‘२४ ते २६ डिसेंबर, चारपैकी एक खोली शिल्लक’ हे खरं असेल तर बिनधास्त लिहा. वर्षभर ‘शेवटची खोली!’ लिहिलंत तर ती खोटी घाई. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केलेल्या १३ डार्क पॅटर्नमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या युक्त्यांमध्ये, ती आहे. खोलीचा दर सांगून झाल्यावर एसीचे आणि गरम पाण्याचे पैसे हळूच वाढवणंही त्यात येतं.

मे महिन्यात आणि नाताळात खोल्या तशाही भरतात, तेव्हा चाचणीवर पैसे घालवू नका. निवासवाल्यांनी दिवाळीची गर्दी ओसरली की टेस्ट लावावी, म्हणजे डिसेंबरचं बजेट जिंकलेल्या जाहिरातीवर टाकता येतं. आंबेवाल्यांनी मार्चच्या सुरुवातीलाच, पहिल्या महाग पेट्यांवर, सुरुवात करावी. एप्रिलच्या मध्यावर माल एकदम उतरतो तेव्हा पॅकिंगमधून मान वर करायला सवड नसते.