ओल्ड क्राउन, हेस्केट न्यूमार्केट : गावकऱ्यांनी वाचवलेला पब

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टला जाणारे आपले बहुतेक लोक विंडरमियरची बोट, ग्रासमियरचं जिंजरब्रेड आणि केस्विक एवढं करून परत येतात, उत्तरेच्या बाजूला कुणी फारसं फिरकतच नाही. त्या बाजूला कॉल्डबेकच्या जवळ हेस्केट न्यूमार्केट नावाचं अगदी छोटं गाव आहे आणि त्या गावातल्या ओल्ड क्राउन नावाच्या पबबद्दल मला लिहायचंय. जेवण चांगलं आहे, बिअर तर फारच चांगली, पण वाट वाकडी करून मुद्दाम जा असं मी म्हणतेय ते तेवढ्यासाठी नाही. हा पब २००३ मध्ये गावातल्या आणि आसपासच्या लोकांनी प्रत्येकी १५०० पाउंड घालून विकत घेतला. ब्रिटनमधला सहकारी मालकीचा पहिला पब म्हणून याचंच नाव घेतात.

आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो. बाबांचं सगळं आयुष्य सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत गेलं, जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) पास झालेला माणूस, त्यामुळे इंग्लंडला येऊन त्यांना पहिलं काय बघायचं होतं तर रॉचडेल. मँचेस्टरहून ट्रॅमने जाता येतं, टोड लेनवर ते जुनं दुकान अजून आहे, आता म्युझियम केलंय. १८४४ च्या डिसेंबरमध्ये २८ कामगारांनी तिथे पीठ, लोणी, साखर, ओटमील आणि मेणबत्त्या असला पाच वस्तूंचा माल मांडून दुकान उघडलं आणि ‘एक सभासद एक मत’ हे आपल्याकडच्या प्रत्येक सोसायटीच्या पोटनियमात असतं ते तिथून जगभर गेलं. बाबा तिथे बराच वेळ होते. मग मी म्हटलं बाबा, याच नियमावर चालणारा एक पब आहे, येता का बघायला? ते लगेच तयार झाले. आईचं मन वळवायला वेळ लागला, तिच्या डोक्यात पब म्हणजे परमिट रूम, बायकामाणसांनी कशाला जायचं तिथे.

तर आई, आणि आईसारख्या सगळ्यांसाठी आधी हे सांगते. इथल्या गावातला पब म्हणजे काळ्या काचा आणि लाल बल्ब नाही. आम्ही गेलो तेव्हा एका टेबलावर आजी-आजोबा आणि नातवंडं जेवत होती, एका कोपऱ्यात दोन बायका चहाचे कप घेऊन बसल्या होत्या, टेबलाखाली ओला कुत्रा पसरलेला. बाहेर पाऊस, आत शेकोटी. पुढची खोली लहानशी, मोजकी टेबलं, त्यामुळे शेजारच्याशी बोलल्याशिवाय तिथे बसताच येत नाही आणि तेच छान आहे. आईने जिंजर बिअर घेतली (दारू नसते त्यात, दोनदा विचारून खात्री करून घेतली तिने) आणि दहा मिनिटांनी ती शेजारच्या बाईला मुलं किती, काय करतात हे विचारत होती. हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं एकत्र, पण चाललं.

आता बिअर. पबच्या मागच्या गोठ्यात १९८८ साली ब्रुअरी सुरू झाली आणि तिच्या बऱ्याच बिअरना इथल्या डोंगरांची नावं आहेत, ब्लेनकॅथ्रा, स्किडॉ, हेल्व्हेलिन अशी. ही कास्क एल म्हणतात ती बिअर, म्हणजे पिंपात भरल्यावरही तिचं आंबणं चालू असतं, वरून गॅस मारलेला नसतो. ती ओतताना नक्की बघा. काउंटरवर उभा दांडा असतो, बार सांभाळणारी बाई तो सावकाश स्वतःकडे ओढते, पुन्हा सोडते, पुन्हा ओढते, अगदी आपला हापसा, आणि तळघरातून बिअर वर येते. उत्तर इंग्लंडात नळाच्या तोंडाला बारीक भोकांची चकती लावतात, त्यातून दाबाने गेल्यामुळे वर घट्ट सायीसारखा फेस धरतो, ग्लासात आधी सगळं ढगाळ दिसतं आणि मग खालून वर स्वच्छ होत जातं. ते होईपर्यंत थांबायचं, लगेच तोंडाला लावायचं नाही. आपले लोक तक्रार करतात की इंग्रजांची बिअर गरम असते. गरम नसते हो, तळघराच्या गारव्याची असते, ११ ते १३ डिग्री, त्याहून थंड केली तर तिची चवच मरते. मी ब्लेनकॅथ्रा घेतली, आधी भाजलेल्या धान्याचा वास, मग जिभेच्या मागे हलका कडवटपणा, आणि ओझं नाही. अर्धा पिंट मागितला तरी कुणी कमी लेखत नाही, दोन प्रकार चाखायचे तर तसंच करा.

हे एवढं सांगायचं कारण असं की कास्क उघडलं की ते साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं, नंतर बिअर आंबूस होते. म्हणजे गिऱ्हाईक रोज यायला हवं. दोनतीनशे वस्तीच्या गावात हे धंद्याचं गणित किती अवघड असेल बघा, आणि म्हणूनच इंग्लंडभर गावोगावचे पब बंद पडतायत, जागेला घर म्हणून जास्त भाव येतो, मालक थकतो, विकून मोकळा होतो. त्यात त्याची तरी काय चूक.

इथेही तेच व्हायची वेळ आली होती, आणि ती सुद्धा दोनदा. आधी १९९९ मध्ये ब्रुअरीच्या मालकाने निवृत्त व्हायचं ठरवलं, तेव्हा बिअर पिणाऱ्यांनीच सहकारी संस्था काढून ब्रुअरी घेतली. मग तीनचार वर्षांत पबही विक्रीला निघाला. कुणीतरी बाहेरची कंपनी घेणार, ब्रुअरीची बिअर बंद करणार, किंवा सरळ घर करून टाकणार अशी भीती होती. ब्रुअरीचा अनुभव गाठीला होता म्हणून लोकांनी पुन्हा तीच वाट धरली, शंभराहून जास्त जण पुढे आले आणि दीड लाख पाउंडांच्या वर रक्कम जमली. दुसऱ्या वर्षी तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स, म्हणजे आताचे राजे, इथे येऊन गेले. गावचे पब टिकावेत म्हणून त्यांच्या पुढाकाराने २००१ पासून एक संस्था चालते, त्यामुळे त्यांचं येणं नुसतं फोटोपुरतं नव्हतं.

या सभासदांत एक नाव आपल्या ट्रेकवाल्यांना माहीत असलेलं आहे, सर ख्रिस बॉनिंग्टन. ते इथेच कॉल्डबेकजवळ राहतात. १९७५ ची एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरची मोहीम त्यांच्या नेतृत्वाखाली झाली, आणि त्याच्या आदल्या वर्षी गढवालमधल्या चांगबांगवर पहिली चढाई झाली ती त्यांच्या आणि आपल्या बलवंत संधूंच्या संयुक्त मोहिमेने. ७५ साली त्या भिंतीवरून माथ्यावर पोचलेले डग स्कॉट सुद्धा शेवटपर्यंत याच भागात राहिले. असली माणसं चढून उतरून ज्या खोलीत येऊन बसायची तिथे आपण बसलोय, हे कळल्यावर माझ्या नवऱ्याने पुढचा अर्धा तास सगळ्या भिंतींवरचे फोटो बघण्यात घालवला.

बाबांचं लक्ष मात्र भिंतींवर नव्हतंच. शेजारच्या टेबलावर एक आजोबा एकटेच बसले होते, बोलता बोलता कळलं की ते सभासद आहेत. झालं, बाबांनी खुर्ची त्यांच्याकडे फिरवली आणि मला दुभाषी केलं.

“एकाने दहा माणसांचे पैसे भरले तर मतं किती?”

“एकच,” आजोबा म्हणाले.

“आणि रोजचा धंदा कोण बघतं? कमिटी?”

नाही, कमिटी फक्त इमारतीचं बघते, धंदा भाड्याने दिलाय, चालवणारा वेगळा. हे ऐकून बाबांनी मान डोलावली, म्हणाले, “हे बरोबर केलंय बघ. शंभर मालक काउंटरवर उभे राहिले की चहासुद्धा मिळायचा नाही.” मी ते भाषांतर करून सांगितलं तर आजोबा खूप हसले आणि म्हणाले पहिल्या वर्षी अगदी तेच सगळ्यांना समजावून सांगावं लागलं होतं. मग बाबांनी सगळ्यात महत्त्वाचं विचारलं, डिव्हिडंड किती मिळतो? त्यावर आजोबांनी समोरचा ग्लास उचलून दाखवला. पैसे परत येतील म्हणून दिले नव्हते, संध्याकाळी दार उघडं असावं म्हणून दिले होते, हा रस्ता हिवाळ्यात चार वाजता काळोखा होतो आणि भेटायला दुसरी जागा नव्हती, असं ते म्हणाले.

परत येताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते आणि मग बोलायला लागले ते थांबेचनात. त्यांनी सहकार चढताना पाहिलाय तसा उतरतानाही. शेतकऱ्याने शेअर घेतलेला कारखाना हळूहळू शेतकऱ्याला परका कसा होतो, सभासद वर्षातून एकदा सभेला जेवायला येण्यापुरता कसा उरतो, हे त्यांनी जवळून बघितलंय. त्यांचं म्हणणं असं की या पबला एक मोठा फायदा आहे, इथला मालक आणि गिऱ्हाईक एकच माणूस आहे आणि तो आठवड्यातून दोनतीनदा स्वतः येऊन बसतो. बिअर बिघडली, छत गळालं, वागणूक बदलली, त्याला अहवाल वाचावा लागत नाही. मला हे शंभर टक्के पटलं.

आणि याची दुसरी बाजू मी स्वतः पाहिलीय म्हणून जास्त पटलं. मँचेस्टरला आमच्या घराजवळ कोपऱ्यावर एक पब होता, विटांचा, जुन्या हिरव्या टाइल्सचा, आमच्या मुलीच्या शाळेची क्विझ नाइट तिथेच व्हायची. एका कंपनीने घेतला, थोडे दिवस चालवल्यासारखा केला, मग खिडक्यांना फळ्या ठोकल्या. आम्ही सह्या गोळा करायला लागलो तोवर व्यवहार होऊन गेलेला होता, आता तिथे फ्लॅट आहेत. खरं तर २०११ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सोय आहे, परिसरातल्या किमान २१ लोकांचा गट किंवा गावची पॅरिश काउन्सिल अर्ज करून एखाद्या पबची ‘समाजाच्या उपयोगाची वास्तू’ म्हणून नोंद करून घेऊ शकते, ती पाच वर्षं टिकते, आणि तेवढ्यात मालकाने विकायला काढला तर सहा आठवड्यांत लोकांनी फक्त इच्छा कळवायची, मग पैसे उभे करायला एकूण सहा महिने मिळतात. मालकाने तुम्हालाच विकलं पाहिजे असं बंधन त्यात नाही, हा त्यातला कच्चा दुवा, पण वेळ तरी मिळतो. लंडनमधल्या नन्हेडच्या आयव्ही हाउस नावाच्या पबला याच नोंदणीने वाचवलं, २०१३ मध्ये रहिवाशांनी तो विकत घेतला. २०१७ पासून पब पाडायला किंवा त्याचं दुसरं काही करायला प्लॅनिंगची परवानगीही लागते. ओल्ड क्राउनच्या लोकांकडे २००३ साली यातलं काहीच नव्हतं. तुमच्या आवडीचा एखादा पब असेल तर फळ्या ठोकायच्या आधी, तो चांगला चालू असतानाच काउन्सिलकडे नोंद झालीय का विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही.

जेवणाचं राहिलं. या पबचं नाव करीसाठी घेतलं जातं हे ऐकून आई जरा साशंक होती. आम्ही एक करी, एक पाय (पेस्ट्रीच्या आवरणात सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) आणि आईसाठी सूप-ब्रेड आणि चिप्स घेतले. करी इंग्रजी वळणाची, तिखट बेताचं, पण मसाला नीट परतलेला होता, कच्चा वास नव्हता, आणि आईने चाखून “कांदा चांगला भाजलाय” एवढं प्रमाणपत्र दिलं, तिच्याकडून हे मोठंच आहे. पाय गरमागरम, कडेला सुटलेली ग्रेव्ही, चिप्स जाड आणि आतून मऊ. शाकाहारी लोकांनी आधी फोन करून विचारावं, लहान किचन आहे, पदार्थ मोजके असतात आणि ते मला चुकीचं वाटत नाही.

जायचं कसं, तर एम६ महामार्गावरून पेनरिथचं ४१ नंबरचं जंक्शन आणि पुढे बी५३०५ रस्ता. स्वतःची गाडी असलेली बरी, आणि चालवणारा कोण हे निघतानाच ठरवा. गावातल्या पबच्या वेळा शहरासारख्या नसतात, आठवड्याच्या मधल्या दुपारी दार बंद असू शकतं, तेव्हा वेळ बघूनच निघा, रविवारी जेवायचं असेल तर टेबल सांगून ठेवा. पायात ताकद असेल तर आधी हाय पाइक हा डोंगर करा, साडेसहाशे मीटरच आहे, चढ अंगावर येणारा नाही, माथ्यावर दगडी बाक आहे, हवा स्वच्छ असली तर उत्तरेला स्कॉटलंड दिसतं. उतरल्यावर चिखलाचे बूट दाराशी झटकून आत या. बाबांनी पाचपैकी पाच दिलेत, मीही तेवढेच देते. पुढच्या खेपेला सभासदांची वार्षिक सभा कधी असते ते विचारून ये असं त्यांनी मला बजावलंय, त्यांना बाहेरून का होईना ती बघायची आहे.