हापूसचे पैसे आधी, आंबा कधी? पूर्ण आगाऊ, अर्धे की पेटी दारात आल्यावर

फेब्रुवारी संपत आला की फोनवर पेट्यांचे फोटो यायला लागतात. पेंढ्यात रचलेला हिरवा हापूस आणि खाली 'बुकिंग सुरू, मोजक्याच पेट्या'. दर विचारावा तर उत्तराच्या आधी क्यूआर कोड येतो. सगळे पैसे आत्ताच टाकायचे, अर्धे टाकायचे, की पेटी दारात आल्यावरच द्यायचे, हे तिथेच ठरवावं लागतं.

मोबाइलचं कव्हर आठ दिवस उशिरा आलं तरी बिघडत नाही. हापूसचं गणित वेगळं. मार्चमध्ये दर चढा असतो, अक्षय्यतृतीयेनंतर उतरू लागतो आणि मेच्या मध्यावर बराच खाली येतो. म्हणजे उशिरा आलेली पेटी ही महाग पडलेली पेटी. मागे एकदा मी दोन डझनांचे पूर्ण पैसे मार्चमध्ये भरले, दीड हजार रुपये डझनाने. 'एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात' म्हणून सांगितलेला खोका आला ११ मेला. आंबा उत्तम होता, एकातही साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) निघाला नाही. पण त्याच दिवशी त्याच विक्रेत्याच्या स्टेटसवर डझनाचा दर होता नऊशे. फरक मागितला तर म्हणाला, "ताई, तुमचं बुकिंग तेव्हाच्या रेटचं आहे." याला फसवणूक म्हणता येईना आणि गप्पही बसवेना.

उशीर का होतो, तेही पाहायला हवं. मोहोर आल्यापासून फळ काढणीला यायला तीन ते चार महिने लागतात. मधेच थंडी लांबली तर त्याच झाडाला पुन्हा मोहोर येतो आणि आधी धरलेली कैरी गळते. तुडतुडे आणि थ्रिप्स या किडी आहेतच. त्यामुळे फेब्रुवारीत नेमकी तारीख खुद्द बागायतदारालाही सांगता येत नाही. त्यात छोटा ऑनलाइन विक्रेता पुष्कळदा स्वतः बागायतदार नसतो, दोन-तीन बागांतून माल उचलतो. तुमचे आगाऊ पैसे हेच त्याचं भांडवल. वाशीच्या घाऊक बाजारात भाव कडक असला की बागेतला पहिला माल तिकडे जातो आणि आपण 'उद्या निघेल' वाचत बसतो.

पूर्ण आगाऊ भरण्याचा फायदा खरा आहे. सुरुवातीच्या मालात नंबर लागतो, कधी थोडी सूटही मिळते. दोन-तीन हंगाम ज्याच्याकडून घेतलंय, त्याला मी आजही पूर्ण देते. नव्या माणसाला मात्र पैसे कुठल्या वाटेने जातात ते बघूनच. वैयक्तिक नंबरावर यूपीआय केलं तर बँक सांगते की पिन तुम्हीच टाकलात, आणि ते खरंच असतं. वेबसाइटवर क्रेडिट कार्डाने भरलं असेल तर 'माल मिळालाच नाही' म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार लावता येते. तिला मुदत असते, म्हणून विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर महिने काढू नयेत. छोट्या विक्रेत्यांना पेमेंट गेटवेचा (वेबसाइटवर कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचा) कट नको असतो, म्हणून ते यूपीआयचाच आग्रह धरतात. त्यामागे दर वेळी खोट असते असं नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी ऐकायला सगळ्यात सुरक्षित. पैसे अडकत नाहीत, हे शंभर टक्के. पण विक्रेत्याच्या जागी उभं राहून बघा: नाकारलेला शर्ट परत येऊन पुन्हा विकला जातो, नाकारलेला आंबा परत जाईपर्यंत पेटीतच खराब होतो. म्हणून बरेच जण ही सोय देतच नाहीत, देतात ते तो धोका दरात धरतात. हंगाम भरात असताना आधी पैसे भरलेल्यांच्या पेट्या पहिल्यांदा निघतात, तुमची शेवटी. शिवाय फळ कच्चं, कडक येतं. डाग-दबलेलं दिसेल, पण साका कापल्याशिवाय कळत नाही, म्हणजे दारात पैसे देऊनही ती परीक्षा राहतेच. मेमध्ये, दर उतरल्यावर, घाई नसताना मागवायचं असेल तर हा मार्ग बरा.

माझं मत अर्ध्याच्या बाजूने आहे, पण 'अर्धे आत्ता, अर्धे नंतर' एवढ्यावर थांबू नका. 'नंतर' म्हणजे कधी? पेटी ट्रॅव्हल्समध्ये चढली की पावतीचा फोटो येईल, तो बघून बाकीचे, असं ठरवा. आगाऊ रकमेत विक्रेत्याचा खोका, पेंढा, गाडीभाडं निघतं, त्यामुळे बहुतेक जण तयार होतात. पुण्या-मुंबईकरांना आणखी सोपं: पुण्यात स्वारगेटला किंवा वाकडला, मुंबईत जवळच्या थांब्यावर गाडीवरून पेटी उतरवून घ्यायची आणि तिथेच बाकी चुकती करायची. नागपूर, बंगळुरूकडे कुरिअरने मागवणाऱ्यांना ही चैन नाही, त्यांनी पावतीवरच भर द्यावा.

कायदा काय म्हणतो? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सांगितलेल्या वेळेपेक्षा माल उशिरा आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. आता आपत्ती कशाला म्हणायचं? २०२५ साली मान्सून २६ मेलाच मुंबईत धडकला, कोकणात त्याआधीच पाऊस कोसळत होता. तेव्हा अडकलेल्या पेटीसाठी विक्रेत्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. ५ एप्रिलची पेटी ११ मेला येते, तिथे मात्र आहे. त्यासाठी तारीख लेखी हवी. 'लवकरच' ही तारीख नव्हे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, पण दोन डझनांसाठी तिथवर कोण जातं!

म्हणून या वर्षी क्यूआर स्कॅन करण्याआधी मी एकच मेसेज तिघांना पाठवला: 'अर्धे आत्ता, बाकी गाडीची पावती आल्यावर. २० एप्रिलनंतर निघाली तर दर त्या दिवसाचा, नाहीतर अर्धे परत. चालेल का?' दोघांनी तासाभरात 'चालेल' लिहिलं. तिसऱ्याने क्यूआर कोड पुन्हा पाठवला.