खेड्यात राहून सेंद्रिय भाजी शोधताना: आठ महिन्यांनंतर

शहर सोडून खेड्यात राहायला आलो तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. चहूकडे शेतं, मग सेंद्रिय भाजीला काय तोटा? पहिल्या महिन्यातच भ्रम फिटला. आजूबाजूला पिकतं ते बहुतेक एकाच पिकाचं, घाऊक, आणि ते शेतातूनच ट्रकात चढून शहराकडे जातं. सेंद्रिय पिकवणारे आहेत, पण जास्त पैसे मोजणारं गिऱ्हाईक एका जागी शहरातच सापडतं, म्हणून त्यांचाही माल तिकडेच. दुकानात येणारी भाजी शहराच्या बाजारातून उलट फिरून आलेली, दोन-तीन दिवसांची. शेताच्या बांधावर उभं राहून शिळी पालेभाजी विकत घ्यायची, असा हा प्रकार.

आठ महिन्यांत तीन वाटा धरून पाहिल्या.

पहिली, बाजारांची ऑनलाइन यादी. तिच्यावर फार शब्द खर्चत नाही. नकाशावर आमच्या टप्प्यात चार ठिपके होते. एक बाजार कधीच बंद पडलेला, एक फक्त हंगामापुरता, एकाचा वार बदललेला. चौथा खरा निघाला. नोंद शेवटची कधी तपासली ते बघा आणि फोन केल्याशिवाय गाडी काढू नका. यादीपेक्षा उपयोगी पडला तो बियाणं विकणारा दुकानदार. बी नेतो पण खत-औषधाकडे ढुंकूनही बघत नाही असं गिऱ्हाईक कोण, हे त्याला नेमकं ठाऊक असतं. पुढे दर आठवड्याला भाजीची टोपली देणाऱ्या शेतकऱ्याचा पत्ता मला त्यानंच दिला.

दुसरी वाट म्हणजे तो चौथा ठिपका, शेतकरी बाजार. इथं मी सपशेल फसले. पहिले पाच आठवडे ज्या गाळ्यावरून भाजी घेतली, तो माणूस शेतकरी नव्हताच. घाऊक बाजारातून आणायचा, पाटीवर 'सेंद्रिय' लिहायचा. खरं तर खुणा समोरच होत्या: एका मापाची फळं, क्रेटवर व्यापाऱ्याचा शिक्का, हंगाम नसलेली भाजी भर ढिगात. नंतर मी एकच प्रश्न विचारायला लागले, "यंदा कीड कुठली आली?" फेरविक्या म्हणतो, "आमच्याकडे कीडच नाही, ताई." शेती करणारा पंधरा मिनिटं गाऱ्हाणं सांगतो, आणि मागे रांग खोळंबते. दुसरा प्रश्न, "हे शेत बघायला कधी येऊ?" यावर ज्याचा चेहरा पडतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

प्रमाणपत्राबद्दल माझं मत या काळात दोनदा बदललं. आधी वाटायचं, शिक्का नाही तर माल खोटा. मग कळलं की शिक्क्यासाठी दर वर्षी तपासणी, तिचं शुल्क आणि नोंदवह्यांचा रगाडा असतो, आणि जमीनही आधी शुद्ध व्हावी लागते. अमेरिकेच्या नियमात पीक काढण्याआधीचे ३६ महिने त्या जमिनीत निषिद्ध खत-औषध पडलेलं चालत नाही. युरोपात हंगामी पिकांसाठी पेरणीआधी साधारण दोन वर्षं, बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या काढणीआधी तीन. एवढा काळ उत्पन्नात घट सोसायची आणि माल मात्र साध्या भावात विकायचा, हे लहान शेतकऱ्याला झेपत नाही. म्हणून काही ठिकाणी सहभागी हमी पद्धत चालते: शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, ग्राहकही सोबत जातात. मी अशा एका फेरीला गेले होते. एकाच्या बांधाला लागून शेजाऱ्याची फवारणी चालू होती, तर त्या कडेच्या ओळी सेंद्रिय म्हणून विकायच्या नाहीत असं तिथल्या तिथं ठरलं. पाटीवर विश्वास ठेवण्यापेक्षा हे मला जास्त पटलं. तरीही अनोळखी ठिकाणाहून, न बघता घेताना शिक्काच बरा. आता मी एवढ्यावर स्थिरावले आहे.

आणखी एक गैरसमज गेला. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असं नसतं. गंधक, तांब्याची काही संयुगं, किडींवर चालणारे जिवाणू यांना मर्यादेत मुभा असते. जंतूंचा प्रश्नही उरतोच. कच्चं शेणखत घातलं, तर अमेरिकी नियमानुसार मातीला टेकणाऱ्या भाज्यांसाठी ते काढणीच्या किमान १२० दिवस आधी मातीत मिसळलेलं हवं, इतर खाद्य पिकांसाठी ९० दिवस. नीट कुजलेल्या कंपोस्टला ही अट नाही. तेव्हा 'सेंद्रिय आहे, धुवायची गरज नाही' म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

तिसरी वाट, आठवड्याची टोपली. हंगामाचे पैसे आधी भरायचे, मग शेतात जे निघेल त्यातला वाटा दर आठवड्याला घ्यायचा. जपानमध्ये 'तेइकेई' नावानं ग्राहक आणि शेतकरी १९७०च्या दशकापासून असा थेट व्यवहार करत आले आहेत. माझ्यासाठी तिन्हींत हीच सरस ठरली, पण तिचा जाचही कमी नाही. निवड आपली नसते. सलग तीन आठवडे एकच पालेभाजी आली तेव्हा घरात बंड झालं. एकदा अवकाळी पावसानं अर्धं पीक लोळवलं आणि टोपलीत मूठभर कंद आले; पैसे परत मिळत नाहीत, नुकसानीतला वाटा आपलाही असतो. हे करारात लिहिलेलं होतं, मी नीट वाचलं नव्हतं. मात्र पहाटेच्या गारव्यात कापलेली भाजी दुपारच्या आत हातात येते, आणि ती आठवडाभर टिकते. दुकानातली तिसऱ्या दिवशी मान टाकते.

कटकटीचं काय, तर अंतर. जाऊन-येऊन तासभर गाडी चालवायची आणि तीन किलो भाजी आणायची, यात इंधनाचा हिशेब बसत नाही. आम्ही चार घरांनी पाळी लावली, एकजण सगळ्यांच्या टोपल्या आणतो. पाळी चुकवणारा घरोघरी सापडतो, आमच्यात तर दोन आहेत. धान्य, तेल, मसाले अजूनही साध्या दुकानातूनच येतात. त्यांचा माग काढायचा दम माझ्यात उरला नाही.

पुढच्या हंगामाला पूर्ण टोपली न घेता अर्धी नोंदवली आहे. उरलेली अर्धी शेजारीण घेणार, पण पालेभाजी सगळी माझ्या वाट्याला, या अटीवर.