कोयनेच्या हादऱ्यांत फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाटण तालुक्यात तीन अक्षांचा फ्लक्सगेट, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तीन दिशांत मोजणारं यंत्र, बसवून बरेच महिने झाले. शांत दिवसांत त्याची नोंद सुरेख येते. दिवस चढतो तशी क्षेत्राची रोजची चाल आणि चुंबकीय वादळातली घसरण स्वच्छ दिसते. खरा कस लागतो जमीन हलते तेव्हा. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर या पट्ट्यातले लहान धक्के थांबलेलेच नाहीत.

धक्का बसला की तिन्ही आलेख एकदम थरथरतात. क्षेत्र बदललं असं वाटतं, पण बहुतेक वेळा हललेला असतो तो सेन्सर. इथलं क्षेत्र 40,000 नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) वर आहे. त्यामुळे सेन्सर अंशाच्या साठाव्या भागाइतका कलला, तरी एखाद्या घटकात, म्हणजे एका दिशेच्या मोजमापात, 12 नॅनोटेस्लापर्यंत फरक पडतो. मोठं चुंबकीय वादळ सोडलं तर हा आकडा बराच आहे!

खरं-खोटं ओळखायची युक्ती मला फार आवडली. तिन्ही घटकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. सेन्सर नुसता फिरला किंवा कलला असेल तर घटक उड्या मारतात, एकूण क्षेत्र मात्र जवळपास तसंच राहतं. शेजारी प्रोटॉन मॅग्नेटोमीटर असेल तर उत्तमच. तो एकूण क्षेत्रच मोजतो, कलण्याने त्याचं फारसं बिघडत नाही. मात्र एकेका वाचनाला वेळ लागत असल्याने हादऱ्याचा तपशील त्यात सापडत नाही.

सेकंदाला एक नोंद ही मूळ सेटिंग इथे अपुरी आहे. जवळच्या धक्क्याची कंपनं सेकंदाला अनेक वेळा होतात, मग ती संथ लाटेचं सोंग घेऊन आलेखात येतात. नोंदी वाढवा आणि सेन्सर ज्या खांबावर आहे त्याच खांबाशेजारी, त्याच जीपीएस घड्याळावर भूकंपमापक ठेवा. थरथर भूकंपलहरींबरोबरच आली तर ती बहुधा यंत्राचीच. मोठ्या भूकंपाचा आयनोस्फिअरमधून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येणारा खरा परिणाम काही मिनिटं उशिरा दिसतो, कारण तिथवर ध्वनिलहरी पोचायला तेवढा वेळ लागतो.

भूकंपाचं भाकीत करायचं म्हणून कुणी हे यंत्र घेणार असेल, तर मी घेऊ नका म्हणेन. कॅलिफोर्नियातल्या 1989 च्या लोमा प्रिएटा भूकंपाआधी तिथल्याच कॉरालिटोसला दिसलेल्या चुंबकीय संकेतावर 2009 मध्येही गंभीर शंका घेतल्या गेल्या. रोजच्या क्षेत्राच्या अभ्यासासाठी मात्र घ्याच. पाया खडकापर्यंत न्या, खांबात लोखंड घालू नका आणि जाणवण्याजोगा धक्का बसला की लेव्हल पुन्हा तपासा.