हॅलोवीनचा आयरिश पाव, धरमपेठेच्या ओव्हनमधून

माझी मुलगी तीन वर्षांपासून डब्लिनला नर्स आहे. ऑक्टोबर संपत आला की फोनवर तिचं एकच सुरू होतं, बार्मब्रॅक. हॅलोवीनला तिकडे घरोघरी खातात तो पाव. या वर्षी मी ठरवलं, ३१ तारखेला तो आपल्याही घरी कापायचा.

नागपुरात धरमपेठेत झेंडा चौकाजवळच्या गल्लीत एक ताई घरूनच केक आणि पाव करून देतात. बाहेर पाटी नाही, ओळखीतूनच ऑर्डरी येतात. बार्मब्रॅक त्यांनी कधी केला नव्हता, पण नाही म्हणाल्या नाहीत. "काकू, चार दिवस द्या. आधी एक करून पाहते, जमला तरच तुमचा लावते." पहिला पाव त्यांनी आपल्याच घरी संपवला आणि मला दुसरा दिला. माझे अर्धे मार्क त्यांना इथेच मिळाले.

पाव गोल, पाऊण किलोच्या आसपास, ५५० रुपये. मूळ आयरिश नावाचा अर्थ ठिपक्यांचा पाव, आणि कापल्यावर तो तसाच दिसतो. मनुका आणि काळ्या मनुका रात्रभर कडक कोऱ्या चहात भिजवलेल्या. साखरेत मुरवलेली साल बाजारची घेतली नाही. नुकत्याच आलेल्या आंबिया बहाराच्या संत्र्यांची साल ताईंनी स्वतः पाकात शिजवली. पहिला घास गोड लागतो, मग चहाचा किंचित कडवटपणा येतो आणि शेवटी जिभेवर संत्रं राहतं. डब्लिनच्या पावात नागपूरचं संत्रं नसणार, पण मला यातलं सगळ्यात जास्त तेच आवडलं.

दोन गोष्टी खटकल्या. दालचिनी जास्त झाली, चहाची चव तिच्याखाली दबते. आणि बूड थोडं करपलं होतं. दुसऱ्या दिवशी तव्यावर शेकून, वर मिठाचं लोणी लावून खाल्ला तेव्हा मात्र तो पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागला. घ्याल तर अर्धा पाव दुसऱ्या दिवसासाठी ठेवाच.

या पावाची खरी गंमत पोटात असते. आत वस्तू लपवतात आणि ज्याच्या फोडीत जी निघेल तसं त्याचं पुढचं वर्ष. अंगठी निघाली तर लग्न, नाणं निघालं तर पैसा, चिंधी निघाली तर गरिबी, वाटाणा निघाला तर या वर्षी लग्न नाही. ताईंनी चारही वस्तू बटर पेपरमध्ये गुंडाळून घातल्या आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "आत वस्तू आहेत, चावू नका." घरात लहान मुलं असतील तर ही काळजी मोलाची आहे.

रात्री साडेअकराला मुलीचा व्हिडिओ कॉल आला, तिच्याकडे सहा वाजले होते. "आई, तू कापून राहिली का? थांब, मला पाहू दे." सासूबाई मुद्दाम जाग्या राहिल्या होत्या. वय ८२. त्यांनी विचारलं, "हे कोणाच्या नावानं करतात?"

त्या प्रश्नावर मुलगी भरभरून बोलली. हा सण मुळात केल्ट लोकांचा, म्हणजे आयर्लंड-ब्रिटनकडच्या प्राचीन लोकांचा, नाव साविन. पीक घरात आलेलं असायचं, उन्हाळाभर डोंगरावर चरणारी गुरं खाली आणायची आणि हिवाळा सुरू व्हायचा. त्यांचा दिवस सूर्य मावळला की सुरू होई, म्हणून १ नोव्हेंबरचा सण आदल्या संध्याकाळीच लागायचा. त्या रात्री मेलेली माणसं घरी येतात, असं लोक मानत. भुतांनी ओळखू नये म्हणून सोंगं घ्यायची आणि दारात कंदील ठेवायचा. तो कंदील शलगम कोरून केलेला असे. तसल्या एका शलगमाच्या कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती आयर्लंडातल्या कॅसलबारच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. चेहरा इतका भेसूर की फोटो पाहूनच मी फोन बाजूला केला. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले. तिथे त्यांना मोठी आणि कोरायला सोपी कोहळी, म्हणजे लाल भोपळे, मिळाली, आणि आज आपल्याला ठाऊक असलेला भोपळ्याचा कंदील तिथून आला. चर्चनं १ नोव्हेंबर सगळ्या संतांचा दिवस ठरवला. हॅलोवीन म्हणजे त्या संतदिवसाची आदली संध्याकाळ, एवढाच त्या नावाचा अर्थ.

मुलं दारोदार खाऊ मागतात हे ऐकून सासूबाई लगेच म्हणाल्या, "तान्हा पोळाच की. लाकडी नंदी घेऊन यायची पोरं बोजारा मागायला." इंग्लंडात तर पूर्वी गरीब लोक दारोदार जाऊन त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात छोटे गोड केक घेत. मला मारबत आठवली, तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीनं निघणारा तो भेसूर पुतळा. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळं नागपूर इतवारीच्या रस्त्यावर उतरतं तेव्हा आपणही भीतीला चेहरा देतो आणि वेशीबाहेर नेतो.

हे सगळं मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी शहरातल्या एका कॅफेत भाच्याला हॅलोवीनसाठी घेऊन गेले होते. माणशी ९९९ रुपये, प्लास्टिकचे सांगाडे, कानठळ्या बसवणारी गाणी आणि काळ्या पावाचा बर्गर. भाच्यानं विचारलं, "मामी, हा सण कशाचा?" तिथल्या एकालाही सांगता आलं नाही, आणि मलाही नाही. ते माझ्या मनाला लागलं होतं.

मग फोडी वाटल्या. नाणं मिस्टरांना आलं, चिंधी मला, वाटाणा भाच्याला. अंगठी सासूबाईंच्या फोडीत निघाली. ती बोटात घालून त्यांनी नातीला कॅमेऱ्यासमोर दाखवली आणि स्वतःची फोड खाल्लीच नाही, वेगळ्या ताटलीत काढून ठेवली. म्हणाल्या, "पितरांचा दिवस आहे नं, यांच्यासाठी राहू दे." मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी तिकडे एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आजी, इथंही पूर्वी त्या रात्री टेबलावर मेलेल्या माणसासाठी एक ताट मांडून ठेवायचे."

सकाळी ती फोड गॅलरीच्या कठड्यावर ठेवली. पाच मिनिटांत कावळा घेऊन गेला.

ऑर्डर द्यायची तर चार दिवस आधी सांगा, आणि वस्तू घालायच्या की नाही ते स्पष्ट सांगा. मी डिसेंबरसाठी दुसरा सांगून ठेवला आहे, दालचिनी अर्धी.